खेकडीने मोजलेले पाणी

मुलांनो, ही गोष्ट नदीतल्या एका बेटाची आहे, आणि त्या बेटावर राहणाऱ्या एका खेकडीची आहे.

डोंगरातून उड्या मारत खाली आलेली एक नदी जंगलात शिरली की दोन फाट्यांत वाटली जाई आणि बरेच अंतर गेल्यावर पुन्हा एक होई. त्या दोन फाट्यांच्या मधोमध एक लांबट बेट होते. बेटावर गुडघाभर गवत वाढे, बोरींच्या जाळ्या फळांनी लगडत, आणि सर्वांत मोठे सुख म्हणजे तिथे बिबट्या येत नसे. त्या जंगलातल्या बिबट्याला अंग भिजवणे मुळीच आवडत नव्हते. म्हणून दोन वर्षांपूर्वी सांबरांचा एक कळप तिथे राहायला गेला. त्याच्या मागून चितळे गेली, साळिंदरे गेली, ससे गेले आणि एक कोल्हाही गेला. पलीकडच्या काठावर जायला एकच जागा होती. तिथे पाण्याखाली सपाट खडक पसरलेले होते, त्यामुळे नदी पायी ओलांडता येई. त्या जागेला सगळे 'उतार' म्हणत.

बेटावर एक टिटवी होती. तिचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचे. पण तिला भीती फार. घारीची सावली पडली की ती ओरडे, गवत हलले की ओरडे, नदीत मासा उसळला तरी ओरडे. मागच्या पावसाळ्यात ती तीन वेळा "पूर आला, पळा, पळा!" म्हणून ओरडली. तिन्ही वेळा सारा कळप धडपडत उताराकडे धावला. तिसऱ्या वेळी त्या गडबडीत चितळाचे एक पाडस खडकावर घसरले आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. पूर मात्र एकदाही आला नाही.

कळपाचा म्होरक्या मोठ्या शिंगांचा एक सांबर होता. तो त्या दिवशी फार संतापला. "टिटवी, यापुढे तुझ्या ओरडण्यावर आम्ही एक पाऊलही उचलणार नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मला डोळे आहेत. आभाळात ढग दाटले की मला कळतं. मी सांगेन तेव्हा निघायचं."

तेव्हापासून टिटवी गप्प झाली. ती वाळूत एका कडेला बसून राही. कोणी तिच्याशी बोलत नसे आणि तीही कोणाशी बोलत नसे.

आता खेकडीकडे वळू. बेटाच्या वरच्या टोकाला, जिथे नदी दोन फाट्यांत फुटत होती, तिथे एक जुना उंबर होता. पाण्याने काठाची माती खरवडून नेली होती, त्यामुळे उंबराची मुळे उघडी पडून एकाच्या वर एक अशी पायऱ्यांसारखी दिसत. अशी आठ मुळे होती. सर्वांत खालचे मूळ नेहमीच्या पाण्याच्या थोडे वर होते आणि आठवे मूळ बेटाच्या जमिनीला टेकलेले होते. त्या मुळांच्या बेचक्यात खेकडीचे बीळ होते.

चार वर्षांपूर्वी, म्हणजे बेटावर कोणीच राहत नव्हते तेव्हा, एका दुपारी नदी अचानक वाढली होती. खेकडीच्या तीन बहिणी खालच्या मुळांत राहत होत्या. त्या तिघीही वाहून गेल्या. खेकडी एकेक मूळ चढत वर गेली, शेवटी उंबराच्या खोडाला चिकटली आणि तिने खाली पाहिले, तर बेट नव्हतेच. सगळीकडे गढूळ पाणी होते आणि त्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर आलेले होते. पाणी ओसरल्यावर ती पुन्हा खाली आली, पण तिच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. पाणी वाढत होते तेव्हा ते आपल्याला दिसत होते. मग आपण वेळेवर का हललो नाही? कारण आपण बघितले, पण मोजले नाही.

त्या दिवसापासून ती पाणी मोजू लागली. सकाळी, दुपारी आणि सूर्य कलताना ती बिळाच्या तोंडाशी येई आणि पाणी कितव्या मुळाशी आहे ते पाही. किती वेळात किती चढले हे कळावे म्हणून तिने उंबराच्या सावलीत पांढरे गोटे मांडले. सकाळची लांब सावली दुपारपर्यंत आखडत खोडाशी येते ना? सावलीचे टोक ज्या वाटेने सरके, त्या वाटेवर तिने सात गोटे ठेवले. पाणी चौथ्या मुळाशी आले की ती तिरक्या चालीने उतारापर्यंत जाई आणि तिथे किती खोल आहे ते बघून येई. पाचव्या मुळाच्या वेळीही जाऊन येई. यात उन्हाळे गेले, पावसाळे गेले. कोणी विचारले, "खेकडीबाई, रोज काय बघता पाण्यात?" तर ती म्हणे, "पाणी बघते." मग विचारणारा हसून निघून जाई.

एवढ्या मोजण्यातून तिला तीन गोष्टी पक्क्या समजल्या होत्या. पाणी चौथ्या मुळाशी असेपर्यंत मोठ्यांच्या आधाराने पाडसेही उतार ओलांडू शकतात. पाचवे मूळ बुडाले की सांबरालाही तो ओलांडता येत नाही. आणि बेटावरचा पाऊस व नदीचा पूर यांचा फारसा संबंध नाही. इथे धो धो कोसळले तरी नदी कधी कधी बोटभर वाढते, आणि इथे लख्ख ऊन असताना डोंगरात पाऊस झालेला असेल, तर एका दिवसाने ते सारे पाणी खाली येते.

भाद्रपदातली एक सकाळ होती. आभाळ निळेभोर होते. चार दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. गवतावर चतुर उडत होते. खेकडी नेहमीप्रमाणे बाहेर आली आणि थबकली. कालपर्यंत पारदर्शक असलेले पाणी तांबूस झाले होते. त्यावर फेस होता, ताज्या तुटलेल्या डहाळ्या होत्या. आणि पाणी पहिल्या मुळाला लागले होते.

"इतक्या सकाळी?" ती स्वतःशीच म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

सावलीने तीन गोटे ओलांडले तेव्हा पाणी दुसऱ्या मुळाला लागले. पुढे दोनच गोटे ओलांडले आणि ते तिसऱ्याला लागले. पाणी नुसते चढत नव्हते, चढण्याचा वेगही वाढत होता. सावली सातव्या गोट्याला, म्हणजे अगदी खोडापाशी, पोहोचेल त्याच्या आत चौथे मूळ ओले होणार होते. त्यानंतर पाचवे. आणि हीच चाल राहिली, तर ऊन उतरायच्या आत आठवेही. त्या आठव्या मुळाच्या पातळीवर आज साठ-सत्तर जनावरे चरत होती.

खेकडी निघाली. तिरकी चाल, आखूड पाय आणि समोर उंच गवत. वाटेत बोरीच्या जाळीखाली कोल्हा पहुडलेला होता.

"कोल्होबा, उठा! पाणी तिसऱ्या मुळाला लागलंय. मोठा पूर येतोय."

कोल्ह्याने एक डोळा उघडून वर पाहिले. "खेकडीबाई, आभाळ तर धुतल्यासारखं आहे. पूर काय उन्हाचा येणार आहे?"

"पाऊस डोंगरात झालाय."

"तुम्ही डोंगरात जाऊन आलात वाटतं!" कोल्हा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्याने डोळा मिटला.

खेकडी पुढे गेली. म्होरक्या सांबर कळपाच्या मधोमध चरत होता. तिने खालून हाका मारल्या, पण एवढ्याशा जिवाचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचेना. त्याचा एक खूर तर तिच्या शेजारीच पडला. थोडे चुकले असते तर ती चिरडलीच असती. शेवटी तिने नांगीने त्याच्या पायाला चिमटा काढला. सांबराने दचकून मान खाली घातली.

"सांबरदादा, पाणी फार वेगानं वाढतंय. सगळ्यांना घेऊन आत्ताच पलीकडे जायला हवं."

सांबराने आभाळाकडे पाहिले. पूर्वेला ढग नव्हता, पश्चिमेला नव्हता. डोंगर झाडांमागे लपलेले होते. तो शांतपणे म्हणाला, "मागच्या वर्षी टिटवीनं घाबरवलं, आता तू घाबरवतेस. मी या कळपाला पुन्हा उगाच धावायला लावणार नाही. एका पाडसाचा पाय गेला, तेवढा पुरे."

सांबर वाईट नव्हता, मुलांनो. आपल्या कळपाला इजा होऊ नये एवढेच त्याला हवे होते. पण तो चुकीच्या जागी बघत होता.

खेकडी तिथे वाद घालत बसली नाही. वेळ किती उरला आहे, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. आपला आवाज सगळ्यांपर्यंत पोहोचणार नाही हेही तिला कळले होते. बेटावर एवढा मोठा आवाज एकीचाच होता. ती वाळूकडे वळली.

टिटवी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"टिटवीताई, मला तुझा आवाज हवाय," खेकडी धापा टाकत म्हणाली. तिने सारे सांगितले.

टिटवी ताडकन उभी राहिली. तिचे डोळे भीतीने मोठे झाले. तिने चोच उघडली आणि लगेच मिटली. "नको गं बाई. मी ओरडले तर कोणी ऐकणार नाही. उलट म्हणतील, आली पुन्हा ही वेडी!"

"मागच्या वर्षी तू काय ओरडली होतीस?"

"पूर आला, पळा, पळा, असं."

"तू पाणी कुठं आहे ते बघितलं होतंस?"

टिटवीने मान खाली घातली. "नाही. लाटांचा आवाज मोठा आला, म्हणून ओरडले."

"मग आज 'पळा' म्हणायचंच नाही," खेकडी म्हणाली. "मी मोजलंय तेवढंच सांग, जास्त काही नको. पाणी तिसऱ्या मुळावर आहे. सावली सातव्या गोट्याला लागायच्या आत ते चौथ्याला लागेल. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं उंबराखाली येऊन स्वतः बघावं. बस्स, इतकंच."

"आणि नाही लागलं चौथ्याला तर?"

"तर मी आयुष्यभर तोंड उघडणार नाही. पण लागेल."

टिटवीने एकदा नदीकडे पाहिले, एकदा खेकडीकडे पाहिले. खेकडी घाबरलेली होती, पण तिचा आवाज थरथरत नव्हता. मग टिटवीने पंख पसरले आणि ती बेटावरून उडाली.

"टिव टिव! पाणी तिसऱ्या मुळावर आहे! सावली सातव्या गोट्याला लागायच्या आत चौथ्यावर येईल! खोटं वाटत असेल तर उंबराखाली येऊन बघा!"

चरणाऱ्या माना वर झाल्या. वर्षभरात टिटवीचा आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि असे बोलणे तर कधीच ऐकले नव्हते. ती 'पळा' म्हणत नव्हती. ती 'या आणि बघा' म्हणत होती.

"गंमतच आहे! चला, बघून तर येऊ," साळिंदर म्हणाले. कोल्हाही आळस देत उठला. आज खेकडीची आणि टिटवीची दोघींची फजिती एकदमच बघायला मिळणार, म्हणून तो मजेत होता. सगळ्यांच्या मागून म्होरक्या सांबर आला.

उंबराभोवती गर्दी झाली. खेकडीला घेऊन टिटवी आधीच परतली होती. सावली सहावा गोटा ओलांडून सातव्याकडे सरकत होती. पाणी तिसऱ्या मुळाच्या बरेच वर, पण चौथ्याच्या खाली होते. तांबूस पाणी काठाला चाटत, फेसाचे गोळे फिरवत वर येत होते. एक मोठा ओंडका गरगरत गेला. त्याला हिरवी पाने तशीच होती.

"डोंगरातलं झाड आहे हे," साळिंदर हळूच म्हणाले. "आपल्याकडे असलं झाड नाही."

सावली सातव्या गोट्यापासून चार बोटांवर आली, आणि पाण्याची एक जीभ चौथ्या मुळावर चढली. ती मागे गेली. पुन्हा चढली, आणि मग मागे गेलीच नाही.

म्होरक्या सांबराने आयुष्यात पहिल्यांदा आभाळाऐवजी पाण्याकडे इतके टक लावून पाहिले होते. त्याने खेकडीपुढे गुडघे टेकले, म्हणजे तिचे बोलणे त्याला नीट ऐकू यावे. "माझं चुकलं. आता सांग, किती वेळ आहे?"

"पाचवं मूळ बुडेपर्यंत. तिसऱ्यावरून चौथ्यावर यायला पुरते दोन गोटेही लागले नाहीत. पुढच्या वेळी त्याहूनही कमी लागेल. पण धावायची गरज नाही, दादा. रांगेनं निघालात तर सगळे पोहोचाल. गडबड केलीत तर अर्धेही पोहोचणार नाहीत."

सांबर उठला आणि त्याने आरोळी दिली, "मोठ्या सांबरांनी माझ्यामागून या! उतारावर वरच्या अंगाला उभे राहा, एकमेकांना खेटून. धार आपल्या अंगावर घ्यायची. पाडसं खालच्या बाजूनं जातील. सगळ्यांत आधी अधू पायाचं पाडस!"

उतारावर पाणी सांबरांच्या पोटाला लागत होते. नऊ मोठी सांबरे धारेला आडवी उभी राहिली. त्यांच्या अंगावर आदळून पाण्याचा जोर मोडे आणि खालच्या बाजूला थोडे संथ पाणी मिळे. त्या संथ पाण्यातून लंगडे पाडस निघाले. त्याची आई त्याला मानेने ढकलत होती. ते एकदा अडखळले, पण सावरले आणि पलीकडच्या दगडांवर चढले. मग बाकीची पाडसे, मग माद्या. साळिंदरांना पाण्याची फार धास्ती, पण तीही काटे मिटून एकामागून एक उतरली.

"तू पण चल ना," टिटवी खेकडीला म्हणाली. "मी तुला पायात धरून नेते."

"मी इथून हलले तर पाणी कोण बघणार? तू जा. दर थोड्या वेळानं ये, मी सांगेन तो आकडा उतारावर पोहोचव. चढवून नाही आणि उतरवून नाही."

मग टिटवी उंबरापासून उतारापर्यंत आणि उतारापासून उंबरापर्यंत फेऱ्या घालू लागली.

"चौथं मूळ अर्धं बुडालं! चालत राहा!"

"चौथं मूळ पूर्ण बुडालं! वेग तोच आहे! चालत राहा!"

तिच्या आवाजात भीती होती की नाही, कोण जाणे. पण प्रत्येक हाकेला उतारावरची रांग थोडी सरळ होई आणि थोडी जलद होई. किती वेळ आहे हे नेमके कळत होते, म्हणून कोणी कोणाला ढकलत नव्हते.

शेवटची मादी पलीकडे चढली तेव्हा सशांची मोजदाद झाली. सांबरांच्या पाठीवर बसून सगळे ससे आले होते. एक सशीण मात्र पलीकडच्या काठावर येरझाऱ्या घालत होती. "माझी दोन पिल्लं!" ती किंचाळली. "कालच जन्मलेली. खालच्या गवतातल्या खळग्यात आहेत. मला ती तोंडात धरता येत नाहीत!"

कोल्हा तेव्हा बेटावरून उतारात पाय घालणारच होता. त्याने मागे वळून पाहिले. बेटाच्या खालच्या अंगाला पाणी गवतात शिरू लागले होते. "कुठलं गवत?" त्याने ओरडून विचारले. सशिणीने त्याच्याकडे पाहिले आणि ती दोन पावले मागे सरली. सशाच्या पिल्लांची जागा कोल्ह्याला सांगायची!

"ताई, सकाळी मी हिला हसलो," कोल्हा खेकडीच्या दिशेने मान वळवत म्हणाला. "निदान आत्ता तरी मला काही कामाचं करू दे. कुठलं गवत?"

"पडलेल्या बोरीच्या मागे," सशीण म्हणाली.

कोल्हा बाणासारखा गेला आणि तोंडात एक पिल्लू घेऊन आला. उतारावरच्या सांबरांनी पाय घट्ट रोवले. कोल्हा पोहत, घसरत पलीकडे गेला, पिल्लू दगडावर ठेवले आणि क्षणभरही न थांबता पुन्हा मागे फिरला.

"पाचव्या मुळाला पाणी लागलं!" टिटवी ओरडली. "लागलं! अजून बुडालं नाही!"

"म्हणजे एक फेरी होईल," सांबर दात आवळत म्हणाला. पाणी आता त्याच्या छातीवर आदळत होते. नऊपैकी चौघांचे पाय सुटू लागले होते. "हलू नका! एक फेरी!"

दुसरे पिल्लू ज्या खळग्यात होते त्यात पाणी आले होते. कोल्ह्याने नाकापर्यंत पाण्यात तोंड घालून ते उचलले. उतारावर आला तेव्हा तो थकून गेला होता. धारेने त्याला एकदा लोटले, तसा शेवटच्या सांबराने मान खाली करून त्याला शिंगांवर अडवले. कोल्हा सरकत, धडपडत काठाला लागला. त्याच्यामागून सांबरे एकेक करून बाहेर पडली. सर्वांत शेवटी म्होरक्या सांबर निघाला, आणि त्याचा मागचा पाय काठावर पडतो न पडतो तोच वरून हाक आली,

"पाचवं मूळ बुडालं! उतार बंद!"

कोल्ह्याने पिल्लू सशिणीपुढे ठेवले. ती त्याला चाटू लागली, उलटसुलट करून बघू लागली. दोन्ही पिल्लांच्या अंगावर दाताची एक खूणसुद्धा नव्हती.

सगळे टेकडीवर चढले आणि मागे वळून पाहू लागले. ऊन लख्ख होते. आभाळात एकही ढग नव्हता. आणि त्या निळ्या आभाळाखाली नदी त्यांच्या घरावर चढत होती. टिटवी आकडे आणतच होती. सहावे मूळ. सातवे मूळ. मग बराच वेळ ती आली नाही. ज्या गवतात ते सकाळी चरत होते, ते वाकले, पाण्याखाली गेले आणि दिसेनासे झाले. बोरींच्या जाळ्या बुडाल्या. आता बेट नव्हते, नुसती एक रुंद, तांबडी, गर्जणारी नदी होती आणि तिच्यात एक उंबर उभा होता.

"खेकडी कुठं आहे?" म्होरक्या सांबराने विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते.

तेवढ्यात उंबराच्या दिशेने एक ठिपका येताना दिसला. टिटवी होती. ती नेहमीसारखी भरभर उडत नव्हती, जड काहीतरी घेऊन उडत होती, मधूनच खाली जात होती, पुन्हा वर येत होती. ती टेकडीवर आली आणि तिने आपल्या पायांतले ओझे गवतात अलगद सोडले.

खेकडी उलटी पडली होती. ती धडपडून सुलटी झाली, डोळे बाहेर काढून तिने सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "आठवं मूळ बुडालं. मी खोडावर चढेपर्यंत बघत होते. सूर्य त्या सागाच्या शेंड्यावर होता तेव्हा."

लंगडे पाडस हसले, आणि त्यानंतर जो कल्ला झाला तो नदीच्या गर्जनेलाही मागे टाकणारा होता. सांबरांनी आरोळ्या ठोकल्या, चितळे उड्या मारू लागली, साळिंदरांनी काटे खुळखुळवले. सशांनी मागच्या पायांनी जमीन बडवली. म्होरक्या सांबराने पुन्हा पुन्हा मोजले. जेवढे सकाळी बेटावर होते, तेवढे सगळे टेकडीवर होते. एकही कमी नव्हता. दोन दिवसांचे ससेसुद्धा.

कल्ला निवल्यावर सांबर टिटवीसमोर गेला. "मी सगळ्यांदेखत तुला गप्प बसवलं होतं. आज सगळ्यांदेखत सांगतो, तुझ्या आवाजानं आम्ही वाचलो."

"आवाज माझा होता, पण बोलणं तिचं होतं," टिटवी म्हणाली. तिचा गळा पार बसला होता, पण ती मान ताठ करून उभी होती.

मग सांबर खेकडीकडे वळला. "आणि तू? तुला आम्ही काय द्यावं?"

"मला काही नको," खेकडी म्हणाली. "पण एक अडचण आहे. मी फक्त उंबराशी बघते. पाणी तिथे पोहोचल्यावरच मला कळतं. आज अर्धा दिवस मिळाला, तोही जेमतेम पुरला. वर डोंगरातल्या घळीत कोणी बघणारं असतं, तर आदल्या दिवशीच कळलं असतं. मला मोजणारे हवेत. जागोजागी."

"घळीच्या तोंडाशी वानरं राहतात," साळिंदर म्हणाले.

"ओढा नदीला मिळतो तिथे पाणकावळे बसतात," सशीण म्हणाली.

"त्यांच्याकडे जाऊन त्यांना समजावायला कोणीतरी बोलका हवा," कोल्हा पुढे होत म्हणाला. "मी जातो. लोकांचं हसू कसं आवरायचं, ते आता मला माहीत आहे."

आणि तसेच झाले. पूर ओसरला, बेटावर नवी माती साचली, त्या मातीत पूर्वीपेक्षा दाट गवत आले आणि कळप परत राहायला गेला. पण त्या हिवाळ्यात खेकडी, टिटवी आणि कोल्हा नदीच्या वरच्या अंगाला फिरत होते. घळीच्या तोंडाशी वानरांनी कड्यावरच्या सात भेगा ठरवल्या. पाणकावळ्यांनी आपल्या बसायच्या खडकावर खुणा शोधल्या. कितव्या भेगेला पाणी आले म्हणजे उंबराच्या कितव्या मुळाला येते, हे खेकडीने अख्खा पावसाळा खपून जुळवले. सुरुवातीला दोनदा चुकले, तेव्हा तिने चूक शोधून पुन्हा जुळवले. निरोप नेण्यासाठी नदीभर टिटव्या नेमल्या गेल्या. त्यांना पहिला धडा एकच होता. दिसेल तेवढेच सांगायचे.

त्याच्या पुढच्या श्रावणात एका सकाळी घळीकडून हाक निघाली. "सहावी भेग!" सहावी भेग म्हणजे उंबराचे आठवे मूळ, हे आता सगळ्यांना पाठ होते. हाक ओढ्याशी पोहोचली, तिथून पुढच्या वळणाशी, तिथून बेटावर. उंबराचे पहिले मूळसुद्धा तेव्हा कोरडे होते. उतारावर पाणी घोट्याएवढे होते. म्होरक्या सांबराने मान हलवली आणि कळप निघाला. कोणी धावले नाही. पाडसे वाटेत थांबून दोन घास खात होती, साळिंदरे नेहमीसारखी कुरकुरत होती, आणि टिटवीच्या पायांत बसून खेकडी वरून सगळ्यांची मोजणी करत होती.

पूर दुसऱ्या दिवशी आला. खेकडी मोजायला लागल्यापासूनचा सर्वांत मोठा. त्याने उंबराचे आठवे मूळ बुडवले, खोड कमरेएवढे बुडवले, बोरी उपटून नेल्या. पण तो आला तेव्हा बेटावर कोणीच नव्हते.

तात्पर्य : घाबरून केलेल्या आरड्याओरड्यावर कोणी फार दिवस विश्वास ठेवत नाही. जो रोज चिकाटीने पाहतो, मोजतो आणि मोजले तेवढेच वेळेवर सांगतो, तो कितीही लहान असला तरी सगळ्यांना तारतो.